जमिनीचा ताळेबंद

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली, म्हणजे मूळ मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले. २०१३-१४ साली हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते, हे ध्यानात घेतले तर ही कामगिरी लहान नव्हे. सरकारी काम मुदतीपूर्वी पुरे होण्याचा योग या देशात इतका दुर्मीळ आहे की, त्याबद्दल राज्यकर्त्यांनी थोडी पाठ थोपटून घेतली तर त्यांस कोणी दोष देऊ नये. परकीय चलन वाचले, साखर कारखान्यांच्या तिजोरीत पैसा खेळू लागला, आणि मोटारींच्या धुराड्यांतून हवेत जाणारा खनिज कर्ब कमी झाला, असा तिहेरी लाभ या योजनेच्या जमेच्या बाजूस मांडण्यात येतो. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या जमाखर्चात एक रकाना अद्याप कोराच राहिला आहे, आणि तो जमिनीचा आहे.

हा रकाना भरून पाहणे शहरातल्या वाचकासही अवघड नाही. आपली मोटार वर्षाला दहा हजार किलोमीटर धावते आणि लिटरमागे पंधरा किलोमीटर देते असे धरले, तर तिला वर्षाला सुमारे ६६५ लिटर इंधन लागते. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे १३३ लिटर इथेनॉल. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते. तेव्हा हे सारे इथेनॉल मक्याचे असेल तर त्यास साडेतीन क्विंटल मका हवा. देशातील मक्याचे सरासरी उत्पन्न हेक्टरी ३५ क्विंटलांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या दाराशी उभ्या असलेल्या एका मोटारीसाठी कोठे तरी दहा गुंठे जमीन राबते आहे. साडेतीन क्विंटल धान्य ही तीन माणसांची वर्षाची बेगमी होय. या मक्यातला काही भाग पेंडीच्या रूपाने गुरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात परत येतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि तो वजा करूनही जे उरते ते डोळ्यांआड करण्याजोगे खासच नाही.

आम्ही एके काळी शाळेत शिकवीत असू. भूगोलाच्या तासाला मुलांकडून जमिनीच्या वापराचा नकाशा रंगवून घेण्याची त्या वेळी प्रथा होती. जंगलाला गडद हिरवा, शेतीला पिवळा, पडीक जमिनीला तपकिरी. जंगल एकतृतीयांश असावयास हवे, हे आम्ही पाठ्यपुस्तकातून वाचून दाखविले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, हिरवा वाढवायचा तर कुठला रंग खोडायचा?’ वर्गात हशा पिकला, आणि आम्हीही ‘पडीक जमिनीचा’ असे काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पडीक म्हणून तपकिरी रंगविलेल्या जमिनीवर कोणाच्या तरी शेळ्या चरत असतात, हे त्या मुलाला बहुधा ठाऊक होते, आणि आम्हांला सुचले नव्हते. आज दिल्लीत आणि मुंबईत जी उद्दिष्टे एकामागून एक जाहीर होतात, ती वाचताना त्या प्रश्नाची आठवण होते. रंगपेटीत नवे रंग रोज येत आहेत, नकाशाचा कागद मात्र तेवढाच आहे.

हा कागद किती मोठा आहे ते पाहू. देशातील निव्वळ पेरणीखालील क्षेत्र सुमारे चौदा कोटी हेक्टर आहे, आणि गेल्या अर्ध्या शतकात त्यात फारसा फरक पडलेला नाही. १९५०-५१ साली या देशात सुमारे पाच कोटी टन अन्नधान्य पिकले. १९६५-६६ च्या अवर्षणात ते सात कोटी टनांच्या थोडे वर येऊन थांबले, आणि अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची पाळी आपल्यावर आली. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या ते लोक अजून आपल्यात आहेत. २०२४-२५ साली त्याच चौदा कोटी हेक्टरांवर पावणेछत्तीस कोटी टन धान्य निघाले. हे पीक जुन्या काळच्या उताऱ्याने काढावयाचे असते तर सह्याद्रीपासून पूर्वांचलापर्यंत एकही डोंगर नांगराखालून सुटला नसता. हवामानाच्या रक्षणासाठी भारतीय शेतकऱ्याने केलेले हे सर्वांत मोठे काम होय. जगाच्या कोणत्याही परिषदेत त्याची नोंद झालेली नाही, आणि झाली असती तरी त्याचे श्रेय शेतकऱ्याकडे पोचले असते असे वाटत नाही!

अर्थात या यशाची किंमतही द्यावी लागली आहे. ती भूगर्भातील पाण्याने, युरियाने आणि विजेच्या पंपांनी दिली. देशाने संयुक्त राष्ट्रसंघास २०२४ च्या डिसेंबरात सादर केलेल्या अहवालाप्रमाणे, २०२० साली भारताच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे पावणेचौदा टक्के वायू शेती व पशुधनाच्या वाट्याचे होते. तीन चतुर्थांशांहून थोडा अधिक भाग ऊर्जेचा, म्हणजे प्रामुख्याने कोळसा व तेल यांचा होता. हे प्रमाण वाचकांनी मनात ठेवावे. कारण शेतीवर बोट रोखणारे पुष्कळ लोक ते विसरतात, आणि शेतीच्या नावे अश्रू ढाळणारे लोक ते एवढेच सांगून थांबतात. शेतीचे हे वायू मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. गुरांच्या रवंथातून निघणारा मिथेन हा सर्वांत मोठा. त्याखालोखाल खत घातलेल्या जमिनीतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड आणि पाणी साचलेल्या भातखाचरांतील मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीसपट, आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे पावणेतीनशेपट उष्णता धरून ठेवतो. तेव्हा प्रमाण थोडे म्हणून प्रश्न थोडा, असे समजण्याचे कारण नाही.

ग्लासगो येथे २०२१ साली जगातील शंभराहून अधिक देशांनी मिथेन दहा वर्षांत तीस टक्क्यांनी घटविण्याची प्रतिज्ञा केली. भारताने तीवर सही केली नाही. आमच्या मते ते योग्यच झाले. ज्या घरात एक म्हैस आणि दोन शेळ्या हेच बँकेतले खाते असते, त्या घराच्या गोठ्यातील वायू आणि लंडन-न्यूयॉर्कच्या वातानुकूलित इमारतींचा वायू एकाच तागडीत तोलणे हा न्याय नव्हे. २०१५ च्या पॅरिस करारातही हवामानरक्षणाचे उपाय अन्नोत्पादनास धोका न पोचविता करावेत, असे कलमच घातलेले आहे. परंतु सही नाकारणे निराळे आणि त्या नकाराची उशी करून तीवर झोपी जाणे निराळे. २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशींची संख्या तीस कोटींहून अधिक भरली. २०२३-२४ साली दूध सुमारे चोवीस कोटी टन झाले आणि दुधात आपण जगात पहिले आलो. परंतु दर जनावरामागे पडणारे दूध पाहिले की या पहिलेपणाचा रंग उतरतो. अर्धपोटी जनावर दूध थोडे देते, पण रवंथ करावयाचे सोडीत नाही. त्यामुळे आपल्याकडे लिटरभर दुधामागे सुटणारा मिथेन पुढारलेल्या देशांहून बराच अधिक पडतो. बंगळूरच्या पशुपोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले, आणि त्याने मिथेन सतरा ते वीस टक्क्यांनी घटतो असे दाखवून दिले. ते किती गोठ्यांत पोचले, हा प्रश्न मात्र विचारू नये हे बरे. गुरांना पोटभर व सकस वैरण मिळाली तर दूध वाढते आणि दर लिटरामागचा मिथेन कमी होतो. या कामात शेतकऱ्याचा लाभ व हवामानाचा लाभ एकाच वाटेने चालतात. पण वैरणीलाही जमीनच लागते, आणि आपण पुन्हा त्याच नकाशापाशी येऊन थांबतो.

आता महाराष्ट्राकडे वळू. या राज्यात जमिनीच्या वापराचा प्रश्न म्हणजे उसाचा प्रश्न. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा जो पाया घातला, त्याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. त्या कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, आणि सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला बाहेर आणले. परंतु राज्याच्या पिकाखालील क्षेत्राचा अगदी लहानसा वाटा व्यापणारे हे पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पिऊन टाकते, ही वस्तुस्थिती चितळे आयोगाच्या १९९९ च्या अहवालापासून आजवर अनेकांनी घसा कोरडा करून सांगितली आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडा कोणा विरोधकाचा नाही, इथेनॉलच्या मार्गाचा आराखडा आखणाऱ्या नीती आयोगाचाच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या दिवसांत फलाटावर उभे राहून ज्यांनी त्या टाक्या रिकाम्या होताना पाहिल्या, त्यांतल्या कित्येकांना मराठवाड्यात किती साखर कारखाने आहेत हे ठाऊक होते. पण त्या क्षणी त्याविषयी बोलण्याची ती वेळ नव्हती. आणि पाऊस पडल्यावर, नेहमीप्रमाणे, बोलण्याचे कारण उरले नाही.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारण्यास आम्ही तयार नाही. १९६६ च्या नियंत्रण आदेशाने उसाला कायद्याचा भाव बांधून दिलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये असा ठरला. ऊस घेणारा कारखाना ठरलेला, भाव ठरलेला. गारपिटीने तो सहसा मरत नाही, चोर तो नेत नाही. याउलट सोयाबीनची गोष्ट पाहा. २०२४ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. मराठवाडा-विदर्भाच्या बाजारांत मात्र शेतकऱ्याने ते त्याहून बऱ्याच कमी भावाने विकले. भाव पडण्याची कारणे अनेक होती. त्यांतले एक कारण असे की, मक्यापासून व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जी पेंड उरते ती स्वस्त झाली, आणि तिने सोयाबीनच्या पेंडीचे गिऱ्हाईक तोडले. म्हणजे ज्या योजनेने एका तालुक्यातील मकावाल्याच्या पदरात दोन पैसे टाकले, तिनेच शेजारच्या तालुक्यातील सोयाबीनवाल्याच्या खिशातून ते काढून घेतले. तूर, हरभरा, करडई, भुईमूग ही पिके थोड्या पाण्यात येतात, त्यांतली कडधान्ये हवेतील नत्र जमिनीत बांधतात, युरिया वाचवितात. हवामानाच्या दृष्टीने याहून गुणी पिके शोधून सापडावयाची नाहीत. पण गुणाला भाव नाही, आणि शेतकऱ्याने आपल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च हवामानाच्या नावे सोडून द्यावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आम्हांस नाही.

मग तूर आणि तेल येते कोठून? समुद्रापलीकडून. २०२४-२५ साली देशाने सत्तर लाख टनांहून अधिक कडधान्ये बाहेरून आणली. खाद्यतेल तर दरवर्षी दीड कोटी टनांहून अधिक येते, आणि त्यात मोठा भाग इंडोनेशिया व मलेशिया येथील पामतेलाचा असतो. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरील जंगले व दलदलीच्या जमिनी तोडून, वाळवून, पेटवून पामच्या बागा उठल्या. २०१५ साली तेथील वणव्यांच्या धुराने सिंगापूरचे आकाश आठवडेच्या आठवडे काळवंडले होते. त्या धुराची नोंद आपल्या वहीत होत नाही, कारण आंतरराष्ट्रीय रिवाजाप्रमाणे वायू ज्या देशात सुटला त्याच्या नावे लिहिला जातो. आपण पेट्रोल वाचविले याची नोंद आपल्या वहीत झाली. त्यासाठी जी जमीन गुंतली तिच्यावर जे तेलबी पिकले असते त्याऐवजी आलेल्या तेलाचा धूर दुसऱ्याच्या वहीत गेला. घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटून घर स्वच्छ झाले म्हणण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच की, वातावरणाला अंगणे नसतात.

याहून नवलाची गोष्ट तांदळाची. २०२४-२५ साली भारतीय अन्न महामंडळाच्या कोठारांतील ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी देण्याचे ठरले, आणि त्याचा भाव किलोला साडेबावीस रुपये लावण्यात आला. तो तांदूळ खरेदी करून, साठवून, जपून ठेवण्याचा खर्च किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास येतो. तांदळाचा मोठा साठा पंजाब-हरियाणाकडून येतो. तेथे तो कोळशाच्या विजेवर उपसलेल्या भूजलावर उभा राहतो, खाचरांत उभ्या पाण्यातून मिथेन सोडतो, काढणीनंतर त्याचे खुंट पेटविल्याने दिल्लीचा श्वास कोंडतो. एवढे सगळे झाल्यावर त्याच तांदळाचे इंधन करून आपण हवा शुद्ध राखल्याचे समाधान मानावयाचे! कोठारात तांदूळ कुजण्यापेक्षा इंधन झालेले बरे, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे, आणि कुजणाऱ्या पोत्यापुरता तो मान्यही आहे. परंतु कोठार दरवर्षी तुडुंब का भरते, याचे उत्तर त्यात नाही. मळीपासून होणारे इथेनॉल हा निराळा विषय आहे. साखरेबरोबर मळी निघतेच, तिच्यासाठी वेगळी जमीन लागत नाही, म्हणून तिचे इंधन हा निखळ नफा होय. इथेनॉल म्हणजे पुण्य किंवा इथेनॉल म्हणजे पाप असा एकच शिक्का मारून चालणार नाही. ते कशापासून आणि कोठल्या जमिनीवरून आले, हे विचारले पाहिजे. उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये आठवडाभरात बंदी घातली, ती सैल केली, आणि पुढल्या वर्षी उठविली. पण त्या धरसोडीत चिंता होती ती साखरेच्या भावाची. जमिनीचा विचार तेव्हाही कोणी केल्याचे दिसले नाही.

जंगलाचे उद्दिष्ट घ्या. २०३० पर्यंत वृक्ष व वने यांच्या द्वारा अडीचशे ते तीनशे कोटी टन कार्बन डायऑक्साइड इतका जादा कर्ब साठविण्याचे वचन भारताने जगाला दिले आहे. २०२३ च्या वनस्थिती अहवालाप्रमाणे वन आणि वृक्ष मिळून देशाचा २५.१७ टक्के भूभाग आच्छादित आहे, आणि उद्दिष्टाचा बराच मोठा हिस्सा पदरात पडला आहे. ऐकून समाधान वाटते. मात्र या अहवालाच्या व्याख्येत हेक्टरभर जमिनीवर दहा टक्के छाया असली की ते वन ठरते. मग ती रत्नागिरीची आंब्याची बाग असो, नारळाची वाडी असो की जुने देवराईचे रान असो. कर्ब मोजणाऱ्या यंत्राला हा भेद कळत नाही. पाण्याला, पाखरांना आणि आदिवासीला तो कळतो. तिकडे शेतीच्या पंपांना सौर वीज देण्यासाठी राज्याने २०२३ पासून हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाड्याने जमिनी घेण्याचे ठरविले. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. कोरडवाहू शेतकऱ्यास तुरीच्या पिकात जे मिळत नाही ते भाड्यात मिळत असेल तर त्याचा मोह आम्ही समजू शकतो. किंबहुना खडकाळ माळावर वीज पिकत असेल तर ती पिकवावी. पण या योजनेची नजर गावोगावच्या गायरानांवरही आहे. गायरान कागदावर सरकारचे असते, आणि व्यवहारात ते भूमिहीनांच्या शेळ्यांचे व मेंढपाळांच्या कळपांचे असते. ते कुंपणात गेल्यावर शेळी उपाशी राहावयाची नाही. ती रानात शिरेल आणि जी रोपे आपण कर्बाच्या खात्यात जमा धरली आहेत तीच खाऊन टाकील.

परदेशांत याच प्रश्नाने सरकारे हलविली आहेत. श्रीलंकेने २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खते बंद केली आणि सहा-सात महिन्यांत तो हुकूम मागे घेतला. तोवर भाताचे पीक कोसळले होते, आणि तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या त्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. नेदरलँड्समध्ये २०१९ च्या न्यायनिवाड्यानंतर नत्राचे प्रदूषण निम्म्यावर आणण्याची योजना वरून लादली गेली. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरांनी महामार्ग अडविले, आणि २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा एक नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला. न्यूझीलंडने गुरांच्या मिथेनवर दाम आकारण्याचा बेत २०२४ मध्ये सोडून दिला. आणि तेथे मेंढ्यांची कुरणे कर्बाच्या पैशासाठी पाइनच्या झाडांखाली जाऊ लागली, तेव्हा त्यालाही कायद्याने आळा घालावा लागला. डेन्मार्कने निराळा मार्ग धरला. तेथे शेतकऱ्यांची संघटना, निसर्गरक्षकांची संस्था, कामगार व सरकार एका मेजाभोवती बसले, आणि २०२४ साली तोडगा निघाला: २०३० पासून पशुधनाच्या वायूवर टनामागे ३०० क्रोनर कर, २०३५ पर्यंत तो ७५० वर, त्यात साठ टक्के सवलत; २०४५ पर्यंत अडीच लाख हेक्टर नवे जंगल; आणि जमिनीचा हा पालट घडविण्यासाठी सुमारे चाळीस अब्ज क्रोनरचा निधी. डेन्मार्क हा श्रीमंत आणि लहान देश आहे. त्याचा कर येथे आणावा असे म्हणणे हे अविचाराचे होईल. आम्हांला त्यातून घ्यावीशी वाटते ती गोष्ट म्हणजे ज्याची जमीन जाणार त्याला आधी बोलावले, आणि पैसा आधी बाजूला काढला. आपल्याकडे उद्दिष्ट आधी जाहीर होते, पैशाचे मागाहून पाहिले जाते, आणि शेतकऱ्यास ते वर्तमानपत्रातून कळते.

करता येण्याजोगे आणि कोणाचेही पोट न मारणारे काम मात्र आपल्या दारातच पडून आहे. युरियाचे ४५ किलोचे पोते शेतकऱ्यास २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्याचा खरा खर्च त्याच्या कित्येक पट असून तो सरकार सोसते. देश वर्षाला साडेतीन कोटी टनांहून अधिक युरिया जमिनीत ओततो, आणि त्यातील निम्म्याहून कमी नत्र पिकाच्या मुखी लागते. बाकीचे विहिरीत जाते किंवा हवेत. कोकणच्या भातासाठी डॉ. नारायण सावंत यांनी ‘चारसूत्री’ पद्धत कित्येक वर्षांपूर्वी घालून दिली: भाताचे तूस-पेंढा पुन्हा जमिनीत, गिरिपुष्पाचा पाला, अंतर राखून लावणी, आणि चार चुडांच्या मध्यभागी चिखलात खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी. गोळी खोल बसली की नत्र उडून जात नाही, खत कमी लागते आणि पीक वाढते. शेजारच्या बांगलादेशाने हेच खत ‘गुटी युरिया’ म्हणून मोठ्या प्रमाणावर उचलले. आपल्याकडे ते प्रदर्शनाच्या प्लॉटांतून फारसे पुढे सरकले नाही, कारण फेकून द्यावयाचा युरिया स्वस्त आणि गोळी खोचणारी मजुरी महाग. मजुरी जर अनुदानातून दिली तर युरियाचे अनुदान वाचेल, हा हिशेब चौथीच्या मुलालाही मांडता यावा. खाचरातले पाणी मधूनमधून काढून मिथेन घटविण्याचा उपायही शास्त्रशुद्ध आहे. मात्र तो सांगणाऱ्यांनी एकदा आषाढात राजापुरास येऊन ते पाणी कोठे काढावयाचे तेही दाखवावे. तो उपाय विदर्भातील तलावांवर आणि कालव्यांवर पिकणाऱ्या भातासाठी आहे. उसाच्या फडातले पाचटही तसेच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट तोडणीनंतर काडी लावून जाळले जाते. ते खोडव्याच्या सरीत पसरले तर पाणी वाचते, जमिनीत कर्ब मुरतो, खत कमी लागते. शेतकरी हे जाणतो. त्याला घाई असते ती पुढच्या पाण्याच्या पाळीची, आणि पाळी कधी येईल याचा भरवसा त्याला कोणी दिलेला नाही.

वृक्षांच्या बाबतीत तर महाराष्ट्राने देशाला आपोआपच वाट दाखविली आहे. वनाबाहेरील वृक्षांच्या आच्छादनात २०२३ च्या अहवालाप्रमाणे हे राज्य पहिले आले. ही झाडे सरकारी वृक्षलागवडीच्या सप्ताहांतली नव्हेत. ती पुष्कळशी शेतकऱ्यांच्या बांधांवरची आहेत. बांधावरचे बाभूळ, लिंब, आंबा, जांभूळ जमीन अडवीत नाही, शेळीला पाला देते आणि कर्बही साठविते. मग अडीचशे कोटी टनांच्या वचनाचा मोबदला ज्याच्या बांधावर ते फेडले जात आहे, त्याला का मिळू नये? आज त्याला मिळते ते झाड तोडावयाचे झाले तर परवानगीसाठी मारावयाचे हेलपाटे. आणि पंपाला सौर वीज द्यावी, जरूर द्यावी. पण ज्या तालुक्यात भूजल आधीच खाली गेले आहे तेथे फुकटच्या विजेवर ऊस वाढणार असेल, तर कोळसा वाचला व पाणी संपले एवढेच म्हणावे लागेल. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता. तो ज्यांनी घेतला त्यांनाही आज तो आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

अर्थसंकल्पाच्या तोंडावर दरवर्षी विधिमंडळापुढे राज्याची आर्थिक पाहणी ठेवली जाते. तीत जमिनीच्या वापराचा एक तक्ता असतो: वने, पडीक, कुरणे, निव्वळ पेरणी. त्या तक्त्याला आणखी चार रकाने जोडण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही. इंधनासाठी गुंतलेले क्षेत्र किती, विजेसाठी गेलेले किती, त्यांतील गायरान किती, आणि तूर व तेलबियांखालून सुटलेले किती, हे जिल्हावार छापावे. कृषी, ऊर्जा, सहकार आणि वन ही चारही खाती आपापली उद्दिष्टे आज वेगवेगळ्या मजल्यांवर बसून गाठीत आहेत. हे रकाने भरण्यासाठी तरी त्यांना एका खोलीत यावे लागेल. विरोधी पक्षांनाही घोषणा देण्यापेक्षा हा तक्ता मागणे सोपे आहे. येत्या अधिवेशनात तो कोणी मागतो काय, इकडे आमचे लक्ष राहील.